पत्ता बदलावा की नाही?



गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता आमच्या घरात एक प्रश्न आला आणि लांबच्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. प्रश्न तसा साधा. पुण्यातच राहायचं, की आता एखाद्या लहान शहरात जाऊन राहायचं? माझ्या पत्नीला हिशेब कागदावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'जावं', उजवीकडे 'जाऊ नये'. पाच मिनिटांत ती रेघ अपुरी पडली. कारण जायचं ठरलं तरी कुठे? तिचं माहेर साताऱ्याचं, माझं घर सांगलीचं. मग डाव्या बाजूला तिनं आणखी एक रेघ मारली. ते पान पुढे कित्येक महिने आमच्या फ्रीजवर लटकत होतं. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि न विचारता आपलं मत देऊन जायचा.

आज त्या पानाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती एकट्या माझ्या घरची नाही, असं मला वाटतं. पन्नाशी ओलांडलेल्या, गावाकडे आईवडील असलेल्या आणि शहरात हप्ते फेडून मोकळ्या झालेल्या अनेक घरांत हे पान कुठे ना कुठे टांगलेलं असतं. काहींच्या फ्रीजवर, काहींच्या मनात.

आधी माझी ओळख. माझा जन्म १९६८ सालचा, सांगलीचा. वडील हायस्कुलात मराठी शिकवायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बा कविता समजावून सांगायला लागले की आपोआप मराठीवर यायचे. मी कविता मराठीत का लिहितो, असं मला अजूनही विचारलं जातं. त्याचं उत्तर एवढंच आहे, की माझ्या कानावर पहिली कविता पडली ती मराठीत. बी. ए. साताऱ्याला केलं, छत्रपती शिवाजी कॉलेजात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली सुरू केलेलं हे कॉलेज. 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून मी तिथे शिकलो. सातारा मला तेव्हापासून ओळखीचं. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की वर्गात दिवे लावावे लागायचे, हे अजून आठवतं. पदवी हातात आल्यावर पुण्याला आलो आणि छापखान्यांत मुद्रितं तपासायला लागलो. आता छापखाने बदलले, मुद्रितं संगणकावर येतात, पण काम तेच आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि स्वतःच्या कवितेतल्या मात्र नेमक्या सुटायच्या.

हे काम कुठेही बसून करता येतं. म्हणजे पुणं सोडायला नोकरीची अडचण नव्हती. मुलगा पुण्यात नोकरी करतो, घर त्याच्या ताब्यात देता येत होतं. अडचण होती ती वेगळीच.

अडचणीकडे वळण्याआधी थोडं इतिहासाचं बोलतो. आपण समजतो, की गाव बदलणं ही आजकालच्या माणसाची डोकेदुखी. पण ज्या दोन शहरांमध्ये आमचा जीव अडकला, ती दोन्ही शहरं कुणीतरी पत्ता बदलल्यामुळेच मोठी झाली. छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, १७०८ मध्ये त्यांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि सातारा राजधानी झाली. सांगलीचंही तसंच. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात वाटणीचा वाद झाला आणि १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब वेगळे होऊन कृष्णाकाठच्या सांगलीत आले. तेव्हा मिरज हे नाव होतं आणि सांगली लहान गाव. पुढे याच चिंतामणरावांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी नाटकाचा पडदा सांगलीत उघडला. पुण्या-मुंबईत नव्हे, सांगलीत! रयत शिक्षण संस्थेचंही पाहा. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. संस्थांनाही पत्ते बदलावे लागतात.

आमच्या घरी मी एक युक्तिवाद नेहमी करायचो. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून जो जिल्हा झाला, त्याचं नाव होतं 'दक्षिण सातारा'. सांगली हे नाव त्या जिल्ह्याला १९६० मध्ये मिळालं. तेव्हा मी पत्नीला म्हणायचो, "सांगलीला गेलीस तरी तू साताऱ्याच्या दक्षिणेलाच राहशील." ती म्हणायची, "कागदावर. कृष्णेचं पाणी कागद वाचत नाही."

तिचं बरोबर होतं. त्या पाण्याबद्दल पुढे बोलतो.

हा सगळा मुलूख माणसं बाहेर पाठवणारा. साताऱ्याच्या डोंगरी भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली, गिरण्यांत आणि माथाडी कामात. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात गेली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. दुष्काळी मातीनं त्यांना बाहेर काढलं आणि गलाईच्या भट्टीनं तारलं. जत्रेला, सणाला ही माणसं गावी येतात, घर बांधतात, त्याला कुलूप लावतात आणि परत जातात. आमच्याकडे कुलूपबंद बंगले पुष्कळ आहेत.

परत येणारेही दोन प्रकारचे असतात. माझ्या पत्नीचे एक चुलते मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्ष-दीड वर्ष त्यांनी वाट पाहिली आणि मग एक पत्र्याची ट्रंक घेऊन साताऱ्याला परतले. ते उरलेलं आयुष्य 'आम्ही मुंबईला असताना' या वाक्यावर जगले. शरीर आलं, पण पत्ता तिकडेच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत तर आपण सगळ्यांनीच पाहिलं, की लोक गावाकडे कसे निघाले. ते येणं होतं, पण ते ठरवणं नव्हतं. नाइलाजानं परतणं आणि विचार करून परतणं यांत मोठा फरक आहे. आम्हाला ठरवायची सवड मिळाली, हेच मी आमचं भाग्य समजतो.

आता कवीच्या मनातली भीती सांगतो. लहान शहरात गेलो तर ऐकणार कोण? पुण्यात दर आठवड्याला कुठेतरी काव्यवाचन असतं. आपलं नाव नसलं तरी मागच्या रांगेत खुर्ची असते. मग मी मनाची समजूत घालायला उदाहरणं शोधू लागलो. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून कथा लिहीत राहिले. पुण्याला आले ते आयुष्याच्या अखेरीस, आणि १९८७ मध्ये पुण्यातच गेले. म. द. हातकणंगलेकर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकवत राहिले आणि २००८ मध्ये साहित्य संमेलन सांगलीत भरलं, तेव्हा त्याचे अध्यक्ष तेच होते. मोठं लिहिण्यासाठी मोठं शहरच लागतं, असं काही नाही.

आणि आमचे इलाही जमादार. १९४६ साली मिरज तालुक्यातल्या दुधगावात जन्मले. पुण्यात राहिले, मराठी गझल गावोगाव पोचवली. जानेवारी २०२१ मध्ये ते गेले, ते आपल्या दुधगावातच. ती बातमी वाचली त्या दिवशी मी मुद्रित तपासायला घेतलं आणि एका पानाच्या पुढे जाऊ शकलो नाही. वाटलं, जाणारा शेवटी आपला पहिला पत्ता शोधतोच का?

पण उदाहरण उलटंही आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ हे मूळचे उत्तरेकडच्या किराण्याचे. दरबार पाहिले, पुण्यात संगीत विद्यालय काढलं आणि स्थिरावले ते मिरजेत. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. दफन मिरजेत, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दर्ग्याच्या उरुसात अजूनही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. जवळच तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यानं एकोणिसाव्या शतकात हत्यारं बाजूला ठेवून वाद्यं हाती घेतली, त्यांचे वंशज अजून तिथे भोपळ्याला आकार देतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसालाही लहान गाव आपलं म्हणू शकतं. मात्र त्या माणसानं गावाला काहीतरी द्यावं लागतं.

असो. उदाहरणांनी कवितेचं पोट भरतं, घराचं नाही. पानावरच्या नोंदींकडे येऊ.

पहिली नोंद होती दवाखान्याची. वय वाढत चाललं की गावाची किंमत दवाखान्यावरून ठरते. सांगलीचं पारडं इथे जड. शेजारच्या मिरजेत डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे वैद्यकीय उपचारांचं गाव. लांबलांबून, कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात. दुसरी नोंद अंतराची. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, सांगली २३० च्या आसपास. मुलाला आठवड्याला येणं साताऱ्याला सोपं. तिसरी नोंद हवेची आणि पाण्याची. साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी, डोंगराची हवा. चौथी आकाराची. २०११ च्या जनगणनेत सातारा शहर सव्वा लाखाच्या आत, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाखांच्या घरात. पाचवी नोंद पत्नीनं मोठ्या अक्षरात लिहिली होती : पूर. सातारा – नाही. सांगली – २००५, २०१९, २०२१.

आणि सहावी नोंद माझ्या अक्षरात होती. एकच शब्द : अम्मा.

अम्मा ८१ वर्षांची आहे. अब्बा २०१२ मध्ये गेल्यापासून सांगलीच्या नदीकडच्या जुन्या वस्तीतल्या घरात एकटी राहते. धाकटी बहीण इचलकरंजीला असते, ती येऊन-जाऊन असते. अम्माला आम्ही पुण्याला आणून पाहिलं. तीन महिने राहिली. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसायची. एक दिवस म्हणाली, "इथं खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी, आणि वर बघितलं तर कोणी नाही. हाक मारायची कुणाला?" चौथ्या महिन्यात तिनं पिशवी भरली.

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पूल १९२९ सालचा. सांगलीची माणसं त्या पुलाजवळच्या फुटांच्या खुणा वाचून झोपायचं की नाही ते ठरवतात. ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी पुण्यात फोन कानाला लावून बसलो होतो. अम्माचा फोन लागेना. कोल्हापूरकडचा महामार्ग पाण्यानं बंद, सांगलीचे रस्ते बंद. एरवी साडेचार-पाच तासांचा रस्ता, पण त्या आठवड्यात सांगली मला दुबईपेक्षा लांब होती. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरच्या काकूंचा मुलगा बोलत होता, "दादा, अम्मा आमच्यात हायत, वरच्या मजल्यावर. भात खाल्ला. काळजी करू नका, फोन ठेवतो, चार्जिंग संपतंय."

हे एक वाक्य ऐकायला मला तीन दिवस लागले. आणि हे वाक्य दुसऱ्याच्या मुलानं सांगितलं.

पाणी ओसरल्यावर गेलो. घरात गुडघाभर गाळ. अब्बांची पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती, की कपाट फोडावं लागलं. त्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातलीही हजारो पुस्तकं भिजली. रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे, गाद्यांचे, धान्याचे ढीग एकाच रंगाचे झाले होते. अम्मा मात्र काठीनं गाळ ढकलत होती. मी म्हटलं, "आता तरी चल." ती दखनीत जे बोलली ते मराठीत सांगतो : "पाणी येतं आणि जातं. माणूस गेला की येत नाही. तुझे अब्बा या गावच्या मातीत आहेत. मी कुठं जाऊ?"

यावर कवीनं काय बोलायचं?

तरी मी एवढ्यावर निर्णय घेतला नाही. भावनेच्या भरात घर बदललं की दोन वर्षांत त्या भावनेचा ओलावा जातो आणि नुसती घराची ओल उरते. आम्ही घरं बघायला निघालो. आधी साताऱ्याकडे, मग सांगलीकडे आणि मधल्या एक-दोन गावांतही. या शोधातला एक अनुभव सांगितला पाहिजे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तो अनुभव कुठल्या एका गावाचा नाही. एजंटानं फोनवर घराचं फार कौतुक केलं. हवेशीर, नळाला पाणी, मालक देवमाणूस. शेवटी विचारलं, "नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलं. पलीकडे थोडी शांतता. मग, "असं करा, मालक बाहेरगावी गेलेत, आले की कळवतो." ते देवमाणूस मालक अजून बाहेरगावीच आहेत.

मी रागावलो का? पूर्वी रागवायचो. मोठ्या शहरातही पहिल्या पाच वर्षांत मी अशाच बाहेरगावी गेलेल्या मालकांची चार घरं पाहिली होती. फरक एवढाच, की मोठ्या शहरात चार दारं बंद झाली तर पाचवं ठोठावता येतं. लहान गावात दारंच मोजकी. पण लहान गावात आणखी एक गोष्ट असते. सांगलीत एका घराच्या पायरीवर म्हाताऱ्या मालकांनी मला विचारलं, "कुणाचा तू?" मी अब्बांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरांचा थोरला? अरे, मला व्याकरण त्यांनीच शिकवलं. ये, आत ये." किल्ली हातात ठेवली. अनामत रक्कमही नंतर दे म्हणाले.

त्या दिवशी मला आनंद झाला. रात्री झोप मात्र लागली नाही. मनात येत राहिलं, ज्याचे वडील मास्तर नव्हते, त्याचं काय? जो तरुण पहिल्यांदाच या गावात येतो, ज्याला 'कुणाचा तू' या प्रश्नाला उत्तर नाही, त्याला किल्ली कोण देणार? लहान गावाची माया खरी असते, पण ती ओळखीच्या दारातूनच आत येते. हे त्या पानावर 'जाऊ नये' च्या खाली लिहिलं पाहिजे, असं मी ठरवलं आणि लिहिलंही.

त्याच वेळी 'जावं' च्या खालीही एक ओळ वाढली. गेली तीस-पस्तीस वर्षं कविता वाचून व्यासपीठावरून उतरलो, की कुणीतरी प्रेमानं पाठीवर हात ठेवून म्हणतं, "काय सुंदर मराठी बोलता हो तुम्ही!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आपल्याच घरात आपलं पाहुणा म्हणून कौतुक व्हावं, तसं वाटतं. सांगलीत मला असं कुणी म्हणत नाही. तिथे म्हणतात, "मास्तर याच्यापेक्षा बरं बोलायचे." ही टीका मला त्या कौतुकापेक्षा जास्त आवडते.

आता राहिली खरी अडचण. ती होती माझी पत्नी, म्हणजे तिचं आयुष्य. सगळ्यांना वाटायचं, की ती साताऱ्यासाठी हट्ट धरेल. माहेर आहे, भाऊ आहेत, पूर नाही. एका संध्याकाळी मीच म्हटलं, "तुझ्या मनात सातारा आहे, तर तसं सांग." ती मशीनवरून उठली, तिचा शिवणाचा क्लास आहे, बावीस वर्षं चालवते. म्हणाली, "साताऱ्यात मी अमक्याची धाकटी बहीण. सांगलीत मी मास्तरांची सून. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं भेटली. तुम्ही परत जाणार ते तुमच्या लहानपणात. मी जाणार ती कुठं?"

श्रोतेहो, या प्रश्नावर मी महिनाभर गप्प होतो. आपण पुरुष गावाकडे परत जायच्या गोष्टी करतो तेव्हा त्यात पार, नदी, मित्र, तालीम, मिसळीचं दुकान असतं. पण गाव सोडून शहरात आल्यावर बाईच्या डोक्यावरचं जे ओझं उतरलेलं असतं, ते परत जाताना स्टँडवर तिची वाट बघत उभं असतं. हे आपल्या हिशेबात येत नाही. कविता लिहिणाऱ्याच्याही आलं नव्हतं.

मग आम्ही एक ठरवलं, ते मला या भाषणात मुद्दाम सांगायचं आहे. आपण गाव बघतो ते दिवाळीत किंवा ईदला. तेव्हा प्रत्येक गाव नवरीसारखं दिसतं. आम्ही जुलैमध्ये आठ दिवस साताऱ्यात राहिलो. कपडे वाळेनात, भिंतींना ओल, पण शहर शांत आणि सुरक्षित. मग ऑगस्टमध्ये पंधरा दिवस सांगलीत राहिलो. रोज सकाळी पाण्याची पातळी किती ते विचारायचो. घर बघायला गेलो की पहिला प्रश्न भाड्याचा नाही, तर "२०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं?" असा. भिंतीवरच्या खुणा बघायच्या, तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारायचं. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याचा माल भिजलेला असतो. पत्नी तेवढ्यात मिरज रस्त्यावरच्या तीन शिवणक्लासांत जाऊन आली. आपण मास्तरांची सून आहोत हे तिनं कुठेही सांगितलं नाही. परत येऊन म्हणाली, "ब्लाउजची कटिंग इथं जुनीच शिकवतात. मला काम आहे."

निर्णय तिथे झाला असं मी समजतो. माझ्या शंभर उदाहरणांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं.

आम्ही येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी सांगलीला जात आहोत. २०१९ चं पाणी जिथे आलं नव्हतं अशा भागात, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. पुण्याचं घर विकलेलं नाही, मुलगा तिथे राहील. एक वर्ष राहून बघायचं. वर्षानंतर दोघांपैकी एकालाही जमलं नाही, तर परत यायचं, आणि परत येण्याला हार म्हणायचं नाही. भाड्याच्या करारावर पत्नीचं नाव पहिलं आहे. क्लासच्या पाटीवर तिचंच नाव असेल, कुणाची सून, कुणाची बहीण असं काही नसेल. अम्मानं पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे राहायचं, बाकीचे आठ महिने तिच्या घरी. हे तिच्याकडून कबूल करून घ्यायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. आणि ज्या तरुणाला 'कुणाचा तू' याचं उत्तर देता येत नाही, असा कुणी घर शोधत आला, तर त्याच्याबरोबर त्या म्हाताऱ्या मालकांच्या पायरीवर जाऊन 'हा माझा' असं सांगायचं, हे मी स्वतःशी ठरवलं आहे. मास्तरांच्या नावाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तुम्ही जावं की नाही, हे मी सांगणार नाही. सातारा वाईट नाही, पुणंही वाईट नाही. एवढंच सांगेन, की पान मांडाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या हाती पेन द्या. आणि गाव त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात बघून या.

निर्णय झाल्यावर अम्माला फोन केला. वाटलं, ती रडेल, दुवा देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूनबाईंना विचारलंस का?" मी म्हटलं, "तिनंच ठरवलं." मग थोडा वेळ थांबून ती समोरच्या काकूंशी बोलते त्या अस्सल सांगलीच्या मराठीत म्हणाली, "मग या. जमलं तर ऱ्हावा, न्हाई जमलं तर जावा. रस्ता काय, दोन्हीकडनं चालतोय."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)